शंभर लिटरचा रीफ स्टार्टर संच: जळगाव-धुळ्याच्या घरात कितपत चालतो

'ऑल-इन-वन रीफ स्टार्टर' नावाने मिळणारे संच, म्हणजे घरात खाऱ्या पाण्याची पोवळी-माशांची टाकी मांडायचं सामान, वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी खोक्यातला माल जवळपास सारखाच असतो. ६० × ४० × ४२ सेंटिमीटरची काचेची टाकी, तिच्या पाठीमागे तीन कप्प्यांत दडवलेलं फिल्टर, तासाला ८०० लिटरच्या आसपास पाणी फेकणारा पंप, छोटा प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), निळा-पांढरा एलईडी दिवा, ४ किलो समुद्री मीठ, खारटपणा मोजायचा, काटा झुलणारा हायड्रोमीटर, जिवाणूंची बाटली आणि टेस्टच्या पट्ट्या. काही विक्रेते टाकीच्या कडेला अडकवायचा इवलासा 'कूलर'ही देतात. हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या जातीच्या संचाचं आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडे पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्याने यातलं काय घ्यावं आणि कशावर पैसे घालवू नयेत, एवढंच पाहायचं आहे.

आधी निकाल. टाकी, पंप आणि दिवा घेण्यासारखे. स्किमर असला-नसला सारखाच. हायड्रोमीटर, पट्ट्या आणि तो कूलर खोक्यातच राहू द्या. ज्या दोन गोष्टींवर खानदेशातली टाकी जगते किंवा मरते, ते शुद्ध पाणी आणि उन्हाळ्यातलं तापमान, त्यांची सोय संचात मुळीच नसते. संच बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तिशीच्या आत राहणारी खोली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पहाटे दहाच्याही खाली उतरतो. एकाच टाकीला पाणी गार करणारा चिलरही लागतो आणि हीटरही.

टाकीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ८ मिलिमीटर काच या मापाला पुरेशी आहे. शंभर लिटर पाणी, दगड, वाळू आणि काच मिळून वजन दीडशे किलोच्या घरात जातं, त्यामुळे टीव्हीच्या टेबलावर ती ठेवायची नाही. लोखंडी स्टँड, त्यावर १८ मिलिमीटरचा प्लाय, प्लायवर फोमची शीट आणि दोन्ही दिशांना स्पिरिट लेव्हल. गावातल्या काचवाल्याकडून टाकी करून घेतली तरी चालते, फक्त सिलिकॉन वाळायला आठवडा द्या. मागच्या कप्प्यांची रचना मात्र त्याच्याकडून नीट होत नाही, आणि संचाचे खरे पैसे तिथेच वसूल होतात. दगड आणि वाळू गेल्यावर टाकीत पाणी उरतं साधारण ८५ लिटर. पुढचे सगळे हिशोब या ८५ लिटरवरच करायचे.

पाणी

माहितीपत्रकात 'क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी चालेल' असं लिहिलेलं असतं. इथे चालत नाही. बोअरचं पाणी जड, त्यात सिलिकेट आणि शेतीपट्ट्यात नायट्रेटही. मीठ घालण्याआधीच अशा पाण्यात शेवाळाची शिदोरी तयार असते. पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजणारा मीटर स्वस्त मिळतो, त्याने आपलं पाणी एकदा मोजा. टाकीत घालायच्या पाण्याचा आकडा शून्य हवा. दहा नाही, पाच नाही, शून्य.

स्वयंपाकघरातला आरओ इथे उपयोगी पडत नाही, कारण चवीसाठी त्यात मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलर बसवलेला असतो आणि गाळलेल्या पाण्यात थोडं मूळ पाणी मुद्दाम परत मिसळलं जातं. आपल्याला हवी ती मांडणी अशी: ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलनचा) मेम्ब्रेन आणि सर्वांत शेवटी उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन. फिल्टर दुरुस्त करणाऱ्याला 'मिनरल नको, टीडीएस कंट्रोलर नको, शेवटी रेझिनची हाउसिंग लाव' एवढं सांगितलं की तो चालू सामानातून जोडून देतो. बूस्टर पंप विसरू नका. गच्चीवरची टाकी तीन मीटर वर असेल तर नळाला दाब मिळतो जेमतेम ४ पीएसआय, आणि मेम्ब्रेनला हवेत ४० ते ६०.

रेझिन किती टिकेल ते येणाऱ्या पाण्यावर ठरतं. ८०० टीडीएसच्या बोअरमधून ९६ टक्के अडवणारा मेम्ब्रेन ३२ पुढे सोडतो, तो सगळा भार रेझिनवर. २०० टीडीएसच्या नळाच्या पाण्यात तोच भार ८ होतो आणि रेझिन चौपट टिकतं. म्हणून दोन्ही पाणी येत असेल तर नळाचंच घ्या. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं. दोन-तीन दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा खर्च जीवावर येतो, पण ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला बिनदिक्कत वापरता येतं. डेझर्ट कूलरमध्ये घालू नका, आठवड्यात गवताच्या जाळ्या पांढऱ्या पडतात.

बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर हा दुसरा मार्ग. बऱ्याचदा ते चांगलं असतं, पण प्रत्येक कॅन मीटर लावून बघूनच घ्यायचा. आणि पाणी साठवायला तांब्या-पितळेचं काहीही नको. घरात तांब्याचा हंडा कितीही मानाचा असला तरी तांब्याचा अंश गोगलगाई, खेकडे आणि पोवळ्यांना मारतो. फूड-ग्रेड प्लास्टिकचे ४० लिटरचे दोन ड्रम घ्या, एक गोड्या पाण्याचा, एक खाऱ्या.

'मुंबईहून समुद्राचंच पाणी आणलं तर?' हा प्रश्न हमखास येतो. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि सांडपाण्याचं, पावसाळ्यात तर आणखी पातळ. नंदुरबारकरांना सुरत जवळ, पण तिथे आपली तापीच समुद्राला मिळते आणि खंभातच्या आखाताचा गाळ प्रसिद्धच आहे. खडे मीठ आणि सैंधवही नको. समुद्राच्या मिठात साधारण ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड असलं, तरी पोवळ्यांचं काम उरलेल्या मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेटवर चालतं.

संचातलं ४ किलो मीठ बरं असतं, फक्त कमी असतं. लिटरला ३८ ग्रॅम धरले तर ८५ लिटरला ३.२ किलो लागतं. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलायला ३२० ग्रॅम. म्हणजे पहिल्या भरणीनंतर अडीच आठवड्यांत मिठाचं पाकीट रिकामं. २० किलोची बादली सुरुवातीलाच मागवणं स्वस्त पडतं. पाणी ढवळत ठेवून त्यात मीठ थोडं थोडं घालायचं. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट तिथल्या तिथे एकत्र येऊन पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पावसाळ्यात बादलीचं झाकण उघडं राहिलं तर मिठाचे दगड होतात.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून तो आकडा दाखवतो. झुलत्या काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर नाही तर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणावर जुळवायचा, म्हणजे जिथे वाचायचं तिथेच तो खरा राहतो. त्याची आपोआप तापमान-दुरुस्ती बहुतेक १० ते ३० अंशांपर्यंतच काम करते, म्हणून एप्रिल-मेमध्ये भर दुपारी मोजू नका, पहाटे मोजा. लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजेच १.०२६ विशिष्ट गुरुत्व. कृषी केंद्रात मिळणारा ईसी (विद्युतवाहकता) मीटर इथे निकामी आहे. समुद्राच्या पाण्याची ईसी ५३ मिलिसीमेन्सच्या आसपास असते आणि ठिबकच्या खतांसाठी बनवलेले पेन-मीटर तिथवर जातच नाहीत.

ऊन

या संचाची खरी परीक्षा इथे होते, आणि संच इथेच नापास होतो. पाण्याचं तापमान २५ ते २७ अंश हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवसभरात एका अंशापेक्षा जास्त हलू नये. २९ च्या पुढे पाण्यात प्राणवायू कमी मावतो, जिवांना तो जास्त लागतो, आणि ३१-३२ ला मऊ पोवळीसुद्धा आतलं शैवाल टाकून पांढरी पडायला लागतात.

संचातला 'कूलर' पेल्टियर चिपवर, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार होणाऱ्या चकतीवर चालतो. ६०-७० वॅट खाऊन तो वीस लिटरच्या टाकीत एखाद-दोन अंश उतरवेल, ८५ लिटरमध्ये फरक शोधावा लागतो. तो असलेला संच महाग मिळत असेल तर नसलेला घ्या.

पंख्याचा उपाय मात्र इथे किनाऱ्यापेक्षा चांगला चालतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच कारण. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं. बाहेरून उष्णता आलीच नाही असं धरलं तर ८५ लिटर पाणी त्याने जवळपास सात अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात खोली सतत तापवत असते, तेव्हा कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये दोन ते चार अंशांचा फायदा धरा. पण त्याच खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर हवा आधीच ओली, मग टाकीवरचा पंखा नुसता फिरतो. जून-जुलैत तेच. शिवाय पंख्याने दिवसाला ३-४ लिटर पाणी उडतं. ४ लिटर गेले आणि भरले नाहीत तर खारटपणा ३५ वरून ३६.७ होतो, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. भर घालायची ती गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याचीच. ऑटो टॉप-ऑफ म्हणजे एक सेन्सर आणि एक छोटा पंप, ही चैन नाही. सेन्सरची काच आठवड्याला पुसा. तिच्यावर गोगलगाय बसली तर पंप चुकीच्या वेळी थांबतो किंवा थांबतच नाही. म्हणून भरणीच्या ड्रममध्ये कधीच १० लिटरपेक्षा जास्त पाणी ठेवू नका, सगळं ओतलं गेलं तरी टाकी वाचते.

एप्रिल ते जून मात्र चिलरला पर्याय नाही. या टाकीला १/१० अश्वशक्तीचा पुरतो. खोली ३८ अंशांवर असेल तर तो साधारण निम्मा वेळ चालतो आणि दिवसाला दोन युनिट खातो. पंप आणि दिवा धरून पाऊण युनिट आणखी, म्हणजे महिन्याला ८०-८५ युनिट. घरचा वापर महावितरणच्या १०० युनिटांच्या टप्प्याच्या अलीकडे असेल तर तो टप्पा ओलांडला जाईल, बिल धरताना वरचा दर धरा. चिलर स्टँडच्या कपाटात कोंडू नका. जी उष्णता तो पाण्यातून काढतो ती मागून बाहेर टाकतो, आणि बंद कपाटात तीच पुन्हा ओढून घेतो. भिंतीपासून एक फूट लांब, शक्य तर उत्तरेच्या खोलीत. पत्र्याच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला टाकी मांडायचा विचारही नको. कंडेन्सरची जाळी पंधरा दिवसांनी ब्रशने झाडा. उन्हाळ्यातल्या वावटळींची धूळ तिथेच बसते आणि 'चिलर थंड करत नाही' या तक्रारीत बऱ्याचदा दुसरं काही नसतं.

चिलरला फ्रिजचा स्टॅबिलायझर लावा, तीन मिनिटांच्या विलंबाचा. लाइट गेली-आली की कॉम्प्रेसर लगेच सुरू होता कामा नये. हिवाळ्यासाठी १०० वॅटचा हीटर. चिलर २६.५ वर आणि हीटर २५ वर लावा, मध्ये अंतर राहिलं नाही तर दोघं एकमेकांशी भांडत वीज जाळत बसतात.

वीज गेल्यावर आधी धोका तापमानाचा नसतो, प्राणवायूचा असतो. घरच्या इन्व्हर्टरवर चिलर टाकू नका, कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका छोट्या इन्व्हर्टरला झेपत नाही. फक्त डीसी वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी फिरवणारा छोटा पंप, टाका. १० वॅटचा पंप १५० एएचच्या बॅटरीवर दिवसभर आरामात चालतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा, नाहीतर एसी पंप घरघरतात आणि तापतात. दुपारची लोडशेडिंग लांबली तर फ्रीझरमधली एक लिटर बर्फाची बंद बाटली टाकीत तरंगवा. एक बाटली तापमान साधारण सव्वा अंशाने उतरवते. एका वेळी एकच.

दगड, वाळू आणि कायदा

दगड ८ ते १० किलो लागतात. 'लाइव्ह रॉक, ओरिजिनल समुद्रातला' असं कोणी सांगितलं तर पुढे जा. प्रवाळखडकाची निर्मिती करणारी सगळी दगडी पोवळी, काळी पोवळी, समुद्रपंखे, तसंच समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच. किनाऱ्यावरून उचललेला मेलेल्या पोवळ्याचा तुकडासुद्धा त्यातच मोडतो. सिरॅमिक किंवा सिमेंट-अॅरागोनाइटचे (अॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) बनवलेले दगड घ्या. त्यांत जिवाणू तेवढेच बसतात आणि नको ते किडेही येत नाहीत. दगड आधी थेट काचेवर टेकवा, वाळू मग. वाळूवर ठेवलेला दगड खालून उकरला गेला की काचेवर कोसळतो.

वाळू अॅरागोनाइटची, १-२ मिलिमीटर दाण्याची, ३ सेंटिमीटर थर, सुमारे ९ किलो. गिरणेची किंवा तापीची वाळू कितीही धुतली तरी नको. आपल्या नद्या काळ्या बेसॉल्टवरून येतात. त्यांच्या वाळूतले लोहयुक्त काळे कण काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि पहिल्याच फेरीत काचेवर कायमचे ओरखडे.

जिवाणूंची बाटली आणि महिनाभराची वाट

बाटलीवर 'त्याच दिवशी मासे सोडा' असं लिहिलेलं असतं. एप्रिलमध्ये कुरिअरच्या तापलेल्या गाडीतून आलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल याचा विचार करा. म्हणून सगळा घाट दसऱ्याच्या सुमारास घाला, आखाजीला नाही. दसऱ्याला सुरू केलेली टाकी उन्हाळ्यापर्यंत पाच-सहा महिन्यांची होते आणि तिच्यात थोडा दम आलेला असतो.

माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू आधी टाकीत वाढवायचे असतात, म्हणून मासे न घालता अमोनिया द्यायचा. त्यासाठी नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड, पण प्रयोगशाळेच्या दर्जाचा. कल्हईवाल्याकडचा घेऊ नका, त्यात धातूंचे अंश असू शकतात. ८५ लिटरला अर्धा ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन) आसपास जातो. बाटली ओता, वेव्हमेकर चालू, दिवा बंद, तापमान २६-२७. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढून उतरेल, शेवटी नायट्रेट दिसेल. पुन्हा अर्धा ग्रॅम टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले तर टाकी तयार. तीन ते सहा आठवडे लागतात. पट्ट्यांवर हे दिसत नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट) यांचे थेंबांचे किट स्वतंत्र घ्या. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं माप), कॅल्शियम ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या जवळ. फक्त मऊ पोवळी असतील तर आठवड्याचं पाणी बदलणंच हे आकडे सांभाळतं, वेगळे डोस लागत नाहीत.

यानंतर तपकिरी थर येणार, मग हिरवं केसाळ शेवाळ, कधी लालसर साय. घाबरून औषध ओतू नका. पाच-सहा छोट्या सेरिथ गोगलगाई आणि तीन-चार शंखखेकडे पुरतात.

दिवा चांगला आहे, हे दुकानदार खरं सांगतो. फक्त पूर्ण ताकदीवर लावू नका. ३० टक्क्यांवर सुरू करा, आठ तास, दर आठवड्याला पाच टक्के वाढवा. पंप मात्र एकटा पुरत नाही. पोवळ्यांना टाकीच्या वीसपट प्रवाह हवा, म्हणजे तासाला १७०० लिटर. २००० चा वेव्हमेकर वेगळा घ्या. स्किमरचे पैसे इथे लावा.

जीव

पहिली जोडी क्लाउनफिशची आणि तीही टाकीत जन्मलेली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, पकडून आणलेल्या माशांची गरज उरलेली नाही. एखादा गोबी, आणि या मापात एवढेच. पोवळ्यांत झोअँथिड, मशरूम, लेदर. हातमोजे घाला. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं. त्यांचा दगड उकळायचा नाही, ब्रशने घासायचा नाही, वाफसुद्धा घातक ठरते.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने पिशवी आली की दुकानदार 'तासभर थेंब थेंब पाणी मिसळा' सांगतो. रात्रभराच्या पिशवीसाठी तो सल्ला चुकीचा आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून दुकानाच्या पाण्याचा खारटपणा फोनवर आधीच विचारा, बरेच जण माशांना १.०२० च्या आसपास ठेवतात. २० लिटरची वेगळी क्वारंटाइन टाकी त्याच आकड्यावर तयार ठेवा. पिशवी न उघडता वीस मिनिटं तरंगवा, मग उघडून मासा लगेच जाळीने आत, पिशवीतलं पाणी मोरीत. चार आठवडे तिथेच, खारटपणा रोज थोडा वाढवत. पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध द्यावं लागलं तर ते याच टाकीत, मोठ्या टाकीत कधीही नाही. पोवळी आणि गोगलगाईंना मात्र थेंब पद्धत योग्य, आणि त्यासाठी महागडं किट नको. जळगावात कुठल्याही ठिबकच्या दुकानात मायक्रोट्यूब आणि ड्रिपर मीटरवर मिळतात. तासाला २ लिटरचा ड्रिपर लावला की काम झालं.

कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने टाकीत हात घालू नये. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं खेकडे-कोळंबीला अत्यल्प मात्रेतही मारतात, आणि डासांच्या लिक्विड मशीनमध्ये आणि कॉइलमध्येही बहुतेक तोच गट असतो. टाकीच्या खोलीत ती लावू नका. एअर पंपची नळी तर त्या खोलीची हवा थेट पाण्यातच सोडते.

संच मागवताना पंपाचा इंपेलर आणि त्याची सिरॅमिक दांडी सुटी मिळते का ते विचारून घ्या. मिळत नसेल तर त्याच मापाचा दुसरा पंप आजच मागवून कपाटात ठेवा. चालता पंप महिन्यातून एकदा अर्धा तास पातळ व्हिनेगरमध्ये भिजवायचा, दांडीवरचा चुना सुटतो आणि आवाजही बंद होतो.